नौकाविहार शुल्क

आमच्या घरात पावत्या वाचायचं काम माझ्याकडे आहे. बाकीची माणसं तळाचा आकडा बघतात, एक सुस्कारा सोडतात आणि कागद डब्यात टाकतात. मी वरून खाली एकेक ओळ वाचतो. हा खोडसाळपणा नाही, सवय आहे. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराचा काटा खरा आहे की नाही, लिटरच्या मापात लिटरभर मावतं की नाही, हे बघण्यात माझी उभी हयात गेली. माणसानं ज्याचे पैसे मोजले ते त्याच्या पदरात पुरतं पडलं पाहिजे, एवढंच एक तत्त्वज्ञान माझ्यापाशी आहे. त्याखेरीज एक व्यसन आहे, ते म्हणजे तंद्री. दुपारचं जेवण झालं की मी बसल्या जागेवरून कुठेतरी निघून जातो. डोळे उघडे असतात, मान हलत असते, क्वचित मी होकारही देतो. पण मी तिथे नसतो. हिच्या मते आमच्या संसारातले सगळे मोठे निर्णय माझ्या तंद्रीत झाले आहेत, लग्नासकट.

तर आमची बबडी विद्यापीठात भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिच्या तिसऱ्या वर्षाच्या फीचा कागद घरी आला. पहिल्या वर्षी फी वाढली तेव्हा मी बाहेरचा चहा सोडला. दुसऱ्या वर्षी वाढली तेव्हा हिनं माझ्याकडून वर्तमानपत्र सोडवलं. या खेपेला सोडण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं, तेव्हा बबडी म्हणाली, "मी विद्यापीठ सोडते."

हे तिनं मीठ मागावं इतक्या सहज सांगितलं. तिच्या मामाचं फरशांचं दुकान आहे. तिथे हिशेबाला आणि गिऱ्हाईक बघायला माणूस हवा होता आणि मामानं महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती. मामा माणूस वाईट नाही. फक्त "भूगोल शिकून मुलगी पुढे काय करणार, नद्या विकणार का?" हा प्रश्न त्यानं प्रत्येक भेटीत विचारला होता आणि मला प्रत्येक वेळी उत्तर सुचायचं ते तो घरी गेल्यावर. बबडीनं समजूत घातली, की दोन वर्षं झाली ती काही थोडी नाहीत आणि भूगोल कुठे पळून जात नाही. ही पाठमोरी होऊन ओटा पुसू लागली. तो मघाशीच पुसून झाला होता.

पोरीनं शिकावं असं मला वाटत होतं, फार वाटत होतं. पण वाटण्याची पावती कुठल्याच खिडकीवर चालत नाही. मी फीचा कागद घेऊन खिडकीशी बसलो आणि वाचू लागलो. अध्यापन, ग्रंथालय, प्रयोगशाळा, आरोग्य, ओळखपत्र, मग विकास, मग विकासाची देखभाल. आणि ओळखपत्र व विकास यांच्या मधोमध, अंग चोरून बसलेली एक ओळ: नौकाविहार शुल्क.

मी ती पुन्हा वाचली. मग आदल्या दोन वर्षांचे कागद काढले. दोन्हींत नौकाविहार होता आणि दरवर्षी तो थोडा थोडा महागलाही होता. बबडीला विचारलं तर ती म्हणाली, की होडी तिनं फक्त पावतीत पाहिली आहे आणि विद्यापीठात आता डबक्याएवढंसुद्धा पाणी नाही. पण एव्हाना माझं जेवण झालेलं होतं. मला डोळ्यांसमोर हिरवट, संथ पाणी दिसलं, त्यावर एक होडी दिसली आणि होडीत पुस्तक मांडीवर पालथं घालून, एक हात पाण्यात सोडून बसलेली आमची बबडी दिसली. मला हेवा वाटला आणि मग संताप आला. कोणीतरी माझ्या लेकीला हे सगळं विकलं होतं आणि माप मारलं होतं.

हे पैसे परत मिळवायचे असं मी ठरवलं. तेवढ्यानं तिसऱ्या वर्षाचं भगदाड बुजलं नसतं, हे मलाही कळत होतं. पण थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. शिवाय नौकाविहाराची ओळ खोटी पडली असती तर मागोमाग विकासाची देखभालही पडली असती, आणि ती रक्कम घसघशीत होती. महिनाअखेरीच्या आत एवढं जमलं तर बबडीला अडवायला माझ्याकडे निदान तोंड तरी राहणार होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक वकील राहतात. आजवर त्यांनी एकही खटला जिंकल्याचं ऐकिवात नाही, पण हरलेल्या प्रत्येक खटल्यातून ते काहीतरी शिकलेले आहेत, त्यामुळे त्यांचं ज्ञान अफाट आहे. त्यांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि सांगितलं, की पैसे मागायचे नाहीत. पैसे मागणाऱ्याला सगळं जग ओळखतं आणि त्याला कसं घालवायचं तेही जगाला ठाऊक असतं. आपण होडी मागायची. ते होडी देऊ शकणार नाहीत, तसं त्यांना लेखी द्यावं लागेल, आणि ते लेखी हातात आलं की पैसे आपोआप परत. समोरच्या काकू तेव्हा भांडं परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की आणि दिली तर? वकील त्यांच्याकडे पाहून दयेनं हसले.

रजा टाकून मी विद्यापीठात गेलो. विद्यार्थी कल्याणवाल्यांनी मला क्रीडा विभागाकडे धाडलं, कारण नौकाविहार हा खेळ आहे. क्रीडावाल्यांनी मालमत्ता विभागाकडे धाडलं, कारण नौका ही वस्तू आहे. मी दोन्ही ठिकाणी वजनमापे खात्याचं ओळखपत्र दाखवून बघितलं. क्रीडावाल्यांनी ते पाहून मला त्यांच्या वजनकाट्याची तक्रार सांगितली आणि मी तो दुरुस्त करून दिला. मालमत्ता विभागात मात्र एक बाई होत्या, ठसठशीत कुंकवाएवढ्याच ठसठशीत आवाजाच्या. त्यांनी अर्ज वाचला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वर्षांत होडी मागायला कोणी आलंच नव्हतं, म्हणाल्या.

होडी होती. ही पहिली थप्पड. पूर्वी तिथे तळंही होतं आणि मुलं खरोखर विहार करायची. पुढे परीक्षा विभागाला जागा कमी पडू लागली तेव्हा तळं बुजवून इमारत बांधायचं ठरलं. तळं बुजवायला परवानगी लगेच मिळाली, कारण तळ्याची नोंद कुठेच नव्हती. होडीची मात्र होती. होडी हलवायची तर जलक्रीडा समितीचा ठराव लागतो, आणि तळं गेल्याबरोबर ती समिती बरखास्त झालेली. कंत्राटदार काही दिवस थांबला, मग कंटाळला आणि होडीच्या भोवतीनं त्यानं भिंती उभ्या केल्या. आता ती कोणत्याच दारातून बाहेर निघत नाही. परीक्षा विभागाच्या मोठ्या दालनात आहे तशी उभी आहे आणि तिच्या देखभालीसाठी शुल्क घेणं भाग आहे. वल्ही तेवढी कुलगुरूंच्या दालनात पडदे लावायला गेली होती.

मी म्हटलं, तर मग होडी मिळत नाही असं लेखी द्या. बाईंना ते फार लागलं. सुविधा उपलब्ध असताना नाही म्हणण्याचा त्यांना अधिकार नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम टंकला, की विद्यार्थिनी व एक पालक यांना बुधवारी दुपारी तासभर नौकाविहाराची अनुमती देण्यात येत आहे. अट म्हणून सोबतच्या पालकाचं पोहता येत असल्याचं प्रमाणपत्र आणि स्वतःचं तरंगण्याचं साधन आणावं. मी आ वासून उभा होतो, तेवढ्यात त्यांनी माझं अभिनंदन केलं.

वकील डगमगले नाहीत. त्यांनी सांगितलं, हे तर उत्तमच झालं. अटी पूर्ण करा, होडीत बसा, आणि शेवटी सुविधा मिळाली की नाही असं विचारतील तेव्हा 'नाही' या शब्दावर सही करा. पाण्याविना विहार नाही, हे कुठलंही न्यायालय मान्य करेल. आपण आता फक्त एका सहीच्या अंतरावर आहोत. मला हे पटलं. तेव्हा दुपारचीच वेळ होती.

मला पोहता येत नाही. तलावावरच्या पोहण्याच्या शिक्षकाला मी सगळी हकीकत सांगितली आणि होडी जमिनीवर असल्यानं प्रमाणपत्र ही केवळ औपचारिकता आहे असं सुचवलं. पण तो माझ्याच जातकुळीचा निघाला. खोटं माप द्यायला तयार होईना. त्यानं मला उथळ भागात उतरवलं. माझ्या दोन्ही बाजूंनी चिल्लीपिल्ली माशांसारखी सुळकन निघून जात होती आणि एक चिमुरडी मला मोठ्या मायेनं सांगत होती, की आजोबा, घाबरू नका, डोकं वर ठेवा. अर्ध्या तासानं शिक्षकानं प्रमाणपत्र लिहून दिलं: 'सदर गृहस्थ छातीइतक्या पाण्यात स्थिर उभे राहू शकतात.' मालमत्तेच्या बाईंनी ते विचारपूर्वक वाचलं आणि तळ्याची सध्याची खोली लक्षात घेता ते ग्राह्य धरलं.

तरंगण्याचं साधन काकूंनी दिलं. त्यांच्या नातवाची हवा भरायची ट्यूब होती, पिवळीधमक, पुढच्या बाजूला बदकाचं डोकं असलेली. मी ती घडी करून पिशवीत नेणार होतो, पण वकिलांनी हरकत घेतली. हवा नसलेली ट्यूब हे कायद्याच्या दृष्टीनं नुसतं प्लास्टिक होतं. दारातच अडवलं तर सगळंच मुसळ केरात. काकूंनी होकार दिला आणि दोघांनी मिळून जिन्यात ती फुगवली.

राहता राहिली बबडी. ती यायला तयार नव्हती. आधीच वर्गात बातमी फुटली होती आणि मुलं तिला कप्तान म्हणायला लागली होती. तिनं मला विचारलं, "बाबा, हे सगळं तुम्ही थोड्या पैशांसाठी करताय ना?" मी हो म्हटलं. माझं कारण त्याहून मोठं होतं, पण ते बोलून दाखवायचं धाडस झालं नाही. तिनं पर्स जवळ ओढली. मग म्हणाली, की तिलाही त्याच परीक्षा विभागात जायचंच आहे, विद्यापीठ सोडल्याचा अर्ज तिथेच द्यायचा असतो. तर एका फेरीत दोन्ही कामं होतील. अर्ज तिनं लिहून तयार ठेवला होता. मला दाखवलाही. अक्षर नेहमीसारखं सुरेख होतं.

बुधवारी बसमध्ये मी ट्यूब मांडीवर घेऊन बसलो. ती मांडीवर मावेना, म्हणून शेवटी गळ्यात घातली. बदक समोरच्या प्रवाशाच्या कानाशी जात होतं. त्यानं दोनदा मागे वळून बदकाकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे, आणि तिसऱ्यांदा पाहिलं नाही. वाहकानं बबडीला हळूच विचारलं, की हे तुमच्याबरोबर आहेत का. ती हो म्हणाली. त्या एका 'हो'बद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे.

परीक्षा विभागाचं दालन लांबलचक होतं आणि दोन्ही बाजूंना कपाटं होती. मधोमध होडी. एकेकाळी निळी असावी. तिच्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे भरले होते आणि पुढच्या टोकाशी, आडव्या फळीवर उशी टाकून, परीक्षा विभागाचे मोठे बाबू बसले होते. समोर त्यांनी फळकूट ठोकून मेज केलं होतं. मुख्य इमारतीत त्यांना खुर्ची मिळाली नव्हती म्हणून ते तिथे बसायला लागले आणि पुढे खुर्ची मिळाली तेव्हा ती त्यांना आवडली नाही. त्यांनी हुकूम वाचला, नापसंतीनं चष्मा काढला, गठ्ठे शिपायाकडून मागच्या टोकाला सरकवून घेतले आणि आम्हाला मधली फळी दिली. स्वतः मात्र उतरले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, की हुकमात होडी रिकामी करण्याचा उल्लेख नाही.

आम्ही चढलो. होडी जराशी कलली आणि बाबूंनी सवयीनं शाईची दौत धरली. दाराशी मुलंमुली गोळा झाली होती. कोणीतरी शीळ घातली. बबडी माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून, आणि पर्समध्ये तो अर्ज होता. मला फार वाईट वाटलं. पोरीच्या शिक्षणाच्या शेवटच्या दिवशी मी तिला बदकाशेजारी बसवलं होतं.

पण दुपार होती, मी जेवून आलो होतो आणि वर पंखे संथ फिरत होते. उंच खिडक्यांतून ऊन तिरकं खाली येत होतं, त्यात धुळीचे कण सावकाश बुडत होते. कपाटांवरचे कागद फडफडत, थांबत, पुन्हा फडफडत. दाराशी चाललेली कुजबुज हळूहळू दूर गेली आणि मला होडी हलल्यासारखी वाटली. मी तंद्रीतच विचारलं, की इथे पाणी किती खोल असेल.

"तुम्ही बसलात तिथे?" बबडी म्हणाली. "दोन पुरुष."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान वर केली होती.

"मोठ्या बाबूंकडे कमी. पुरुषभर असेल. तो काठ होता."

बाबूंनी खाली पाहिलं आणि पाय जरा वर घेतले.

मग ती बोलत गेली. मला सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी त्यांना जुने नकाशे देऊन त्या जागेची बाहेरून मोजणी करायला लावली होती. बाहेरच्या जिन्याच्या जागी ओढा होता, तो उत्तरेच्या टेकडीवरून यायचा आणि शेवटी वळण घ्यायचा, म्हणून जिनाही तिथे वळतो. पाया घेताना बांधणाऱ्यांना दुसरं काही करताच आलं नाही. ती पलीकडची कपाटं आहेत तिथे लव्हाळी होती आणि लव्हाळ्यांत पाणकोंबड्या. पाणी कुठून शिरायचं, कुठे थबकायचं, कुठून निघून जायचं, हे ती हातानं हवेत काढून दाखवत होती, आणि हात जिथे जाईल तिथे आम्ही बघत होतो. बाबूंनी चाचरत विचारलं, की उत्तरेची भिंत दरवर्षी रंगवूनही दरवर्षी ओली कशी होते. ती म्हणाली, ती गळती नाहीच. ओढा अजून येतो. त्याला कोणी सांगितलेलंच नाही. बाबूंनी टाक खाली ठेवला आणि त्या भिंतीकडे वेगळ्याच नजरेनं पाहत राहिले.

दाराशी उभी असलेली मुलं कधीतरी आत आली होती आणि होडीभोवती जमिनीवर बसली होती. म्हणजे मला ती पाण्यातच बसलेली दिसत होती, गळ्यापर्यंत, आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. माझ्या पायांना गारवा लागत होता. आमच्या घरात ही मुलगी इतकी वर्षं जेवते, झोपते, माझा चष्मा शोधून देते. भूगोल कसा चाललाय असं मी तिला विचारायचो, ती बरा म्हणायची आणि मी पावती वाचायला लागायचो. ते 'बरा' म्हणजे हे एवढं सगळं होतं. मला इतका आनंद झाला की मी बदकाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आणि खाली गाळ आहे," ती सांगत होती. "या फरशीच्या खाली, अजून तसाच. गाळात वर्षं एकावर एक बसलेली असतात, बाबा. दुष्काळाचं वर्ष बारीक, पावसाचं जाड. पुढच्या वर्षी आम्ही मागच्या अंगणातून भोक पाडून तो काढणार आहोत, मग मी तुम्हाला दाखवते."

आणि ती थांबली. पुढच्या वर्षी हे शब्द तिनं स्वतःच ऐकले होते. दालनात पंख्यांचा तेवढा आवाज उरला. आयुष्यात योग्य वेळी गप्प बसल्याचं मला आठवत नाही, पण त्या दिवशी बसलो.

बाबूंनी घड्याळ पाहिलं आणि खाकरले. वेळ कधीचीच उलटून गेली होती, पण ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी नोंदवही पुढे केली. तिथे दोनच रकाने होते, सुविधा मिळाली आणि सुविधा मिळाली नाही, आणि सही कुठे करायची हे वकिलांनी मला पाठ करून दिलेलं होतं. 'नाही'वर सही केली की पैसे परत. मला महिनाअखेर आठवली, मामाची जागा आठवली, विकासाची देखभालही आठवली. तिसऱ्या वर्षाची फी कुठून आणायची हे मला तेव्हाही कळलेलं नव्हतं. पण मी वजनमापे खात्यातला माणूस आहे. पुरतं माप मिळालेलं असताना कमी मिळालं असं मला लिहवेना. मी 'मिळाली'वर सही केली, खाली तारीख घातली.

बबडी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिनं सही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहत होती.

बाबूंनी वही मिटली, चष्मा वर केला आणि बबडीला विचारलं, "तुमचंही काही काम होतं ना इथे? आल्या आल्या म्हणालात."

तिनं पर्स काखेला लावली आणि होडीतून खाली उतरण्यासाठी मला हात दिला.

"नाही," ती म्हणाली. "बाबांना पोहता येत नाही, म्हणून सोबत आले होते."